उन्हाचे भागीदार

ऊन फुकट होतं तोवर आमच्या सोसायटीत त्याच्याविषयी पूर्ण एकमत होतं : बदलापूरचं ऊन वाईट! गच्चीवर सौर पॅनेलं बसवायचा ठराव आला आणि तेच ऊन एकाएकी इस्टेट झालं. इस्टेट म्हटली की वारस आलेच.

हिशेब तसा सोपा. दहा किलोवॉटला साधारण हजार चौरस फूट गच्ची, दिवसाला सरासरी चाळीसेक युनिटं. त्यावर लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान. इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तळमजल्यावरचे अण्णा म्हणाले, "मी लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. वर्गणी का देऊ?" चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "गळती आम्ही सोसायची, आणि कमाई सगळ्यांची?" तिसऱ्यावरच्या वहिनींना गच्चीवरच्या आपल्या पापडांची काळजी.

हसू नका. वापरील त्याचं, सोशील त्याचं, की आधीपासून उपभोगतो त्याचं, यावर शहाण्यांनी ग्रंथ लिहिलेत. आमच्याकडे ते पाऊण तासात उरकलं, तेही चहासकट. भाडेकरूंचं नाव मात्र कुणी काढलं नाही. त्यांना सभेत मतच नसतं ना! अंबरनाथच्या शिवमंदिराचा गाभारा वरून उघडा आहे. तिथलं ऊन कुणाचं, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

सहकार आपल्या रक्तात आहे म्हणतात. श्रीरामपूर भागात मुळा-प्रवरा ही सहकारी संस्था २०११ पर्यंत वीज पुरवत होती. गुजरातेत ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ साली सौरपंपांची सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज विकली. पण तिथे ज्याचा त्याचा पंप, ज्याचा त्याचा मीटर. आमची गच्ची एकच. शेवटी वर्गणी सारखी ठरली आणि पापडांना एक कोपरा मिळाला.

खरा वाद पहिल्या पावसाळ्यात झाला. भर दुपारी वीज गेली. वर लख्ख उघडीप, आणि लिफ्ट बंद! पॅनेलवाला मुलगा म्हणाला, "लाइन गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावरच्या लाइनमनला शॉक बसेल. यात चालू ठेवायची तर बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर घ्या." त्याची किंमत ऐकून सभा गप्प झाली.

"म्हणजे वर्गणी आमची आणि सोय त्याची?" अण्णा म्हणाले.

मला विचाराल तर त्या यंत्राचं बरोबर होतं. लाइनमनकडे ना भागपत्र ना मत. त्याचं नावही आम्हांला ठाऊक नाही. आमच्या सभेला भाडेकरूसुद्धा आठवला नव्हता, आणि या डब्यानं खांबावरचा परका माणूस आधी धरला.

परवा तारेवर फांदी पडून पुन्हा वीज गेली. अण्णा फाटकापाशी खुर्ची टाकून खांबाकडे बघत बसले होते. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ जुना जनरेटर ओढत निघाले, तर अण्णा खेकसले, "अहो, थांबा! तो अजून वर आहे."