आपल्या जमिनीखालचे पाणी कुणाचे?



मे महिन्यात आपल्या आवारातली बोअरवेल आटत आली. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत दोन सूचना आल्या. बोअरवेल आणखी खोल करावी, ही पहिली. पावसाळ्यात चिखल होतो, तेव्हा सगळ्या आवारात सिमेंट घालावे, ही दुसरी. दोन्ही रास्त वाटल्या. पण त्याच आठवड्यात गल्लीपलीकडच्या घरची विहीर कोरडी पडली होती. बैठक संपताना एका वयस्क भगिनीने विचारले, "फादर, आपण खोल गेलो तर त्यांचं पाणी आपल्याकडे येईल ना?"

या प्रश्नाला आम्ही तेथल्या तेथे उत्तर देऊ शकलो नाही. आज आपण मिळून त्याचा विचार करू या.

जमिनीखाली पाण्याचे तळे असते, अशी आपली समजूत असते. नागपुरात तसे नाही. शहराच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट आहे, तर पूर्वेला त्याहून पुरातन ग्नाइस. दोन्ही कठीण खडक. पाणी राहते ते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. पावसाचे पाणी मातीतून झिरपत तेथे पोहोचते आणि उताराच्या दिशेने हळूहळू सरकत राहते. त्यातले काही विहिरींना मिळते, काही नाल्यांना. नाग नदीचे पाणी पुढे कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. समुद्रातून वाफ होऊन वर गेलेले पाणी हवेत सरासरी आठ-दहा दिवसच राहते. खडकाच्या खोल भेगांत मात्र ते वर्षानुवर्षे राहू शकते. म्हणजे आपल्या प्लॉटखालचे पाणी वाटेवरचा प्रवासी आहे. आपण उपसा सुरू केला की बोअरवेलभोवतीची पातळी नरसाळ्यासारखी खाली जाते. त्या नरसाळ्याला कुंपणाची भिंत ठाऊक नसते.

कायदा काय म्हणतो? १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने जमीनमालकाला आपल्या हद्दीतले भूजल घेण्याचा हक्क दिला. महाराष्ट्राने २००९ च्या भूजल अधिनियमाने त्याला काही मर्यादा घातल्या. पण कायद्याने दिलेली मुभा म्हणजे सदसद्विवेकबुद्धीचा निर्वाळा नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात एक उपयोगी भेद केला. वस्तू मिळवणे आणि सांभाळणे यासाठी खाजगी मालकी योग्य आहे. वापराच्या बाबतीत मात्र माणसाने ती सर्वांची समजावी आणि गरजवंताला द्यायला तयार असावे. बोअरवेल आपली, पंप आपला, विजेचे बिलही आपले. पाणी मात्र सर्वांचे.

यावर कोणी म्हणेल, "आपण मुद्दाम कुणाचे चोरले नाही. नेमके कुणाचे थेंब आपल्याकडे आले, हे तरी कोण सांगणार?" खरे आहे. पण शेजारची विहीर कोरडी पाहिल्यावर 'आम्हाला माहीत नव्हते' ही सबब उरत नाही. दुसरा म्हणेल, "मग टँकर मागवू." पण टँकरही कुणाच्या तरी विहिरीवरच भरतो. येथे कुणाचेच हात अगदी कोरडे नाहीत. म्हणून प्रश्न 'घ्यावे की नाही' एवढाच नाही. 'जेवढे घेतो त्यातले परत किती करतो' हाही आहे.

आता सिमेंटचे पाहू. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, खालच्या वस्त्यांत पाणी शिरले, माणसे दगावली. एवढ्या पावसात नुसती मोकळी माती पूर थांबवू शकली नसती. पण ज्या शहरात मेमध्ये विहिरी आटतात आणि सप्टेंबरमध्ये घरे बुडतात, तेथे पाण्याला मुरायला जागा कमी पडत आहे, एवढे तरी आपण मान्य करू या. आपले आवारही त्या जागेचाच एक तुकडा आहे.

नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. छप्पर तीनशे चौरस मीटरचे धरले, तर त्यावर वर्षाला तीन लाख लिटर पाणी पडते. आज ते सगळे गटारात जाते. आमचे मत असे आहे: बोअरवेल यंदा खोल करू नये. छपराचे पाणी गाळून शोषखड्ड्यात सोडावे. दारापासून फाटकापर्यंत फरशीची एक वाट करावी आणि बाकी अंगण मातीचेच ठेवावे. चपला चिखलाने भरतील, लग्नाच्या दिवशी गाड्या लावायला अडचण होईल, पुढच्या मेमध्ये बागेला पाणीही कमी पडेल. ही किंमत आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

येत्या रविवारी मिस्सानंतर यावर निर्णय घ्यायचा आहे. सर्वांनी थांबावे. गल्लीपलीकडच्या त्या कुटुंबालाही आम्ही बोलावले आहे. ते आपल्या पॅरिशचे नाहीत, पण त्यांचे आणि आपले पाणी एकच आहे.

आपले धर्मगुरू