लेखी कारभार आणि उत्तरदायित्व

जॉन स्टुअर्ट मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीला होता. स्वातंत्र्यावरचा त्याचा निबंध १८५९ मध्ये निघाला. आगरकरांपासून आपल्याकडील कित्येक विचारवंतांनी त्याला गुरुस्थानी मानले. त्याच्या रोजच्या कामाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. हिंदुस्थानातील संस्थानांविषयीच्या पत्रव्यवहाराचे मसुदे लिहिणे, हे त्याचे बहुतेक सर्व नोकरीतले काम होते. हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नाही. १८५२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना त्याने कंपनीच्या राज्याचा एक गुण आवर्जून सांगितला. तेथील सारा कारभार लेखी चालतो, हुकूम व त्यामागची कारणे लंडनला पोहोचतात आणि म्हणून अधिकाऱ्याला आपल्या कृतीचा जाब द्यावा लागतो, असे त्याचे म्हणणे होते.

ज्याने सरकारी नोकरीत उमेदीची वर्षे घालवली, त्याला हे म्हणणे सहज पटते. तोंडी हुकमाचा धाक आणि लेखी हुकमाचा आधार यांतील अंतर आम्ही मंडळींनी पुरेपूर अनुभवले आहे. (आमच्या मध्यप्रदेशात फाईलला 'नस्ती' म्हणतात. मराठी कानाला त्या शब्दापाठोपाठ 'उठाठेव' ऐकू येते, हा दोष शब्दाचा नव्हे!) तरीही प्रश्न उरतोच. जाब द्यायचा तो कोणाला? वरिष्ठाला, की ज्याच्या नशिबाचा निकाल त्या कागदावर लागतो त्याला?

कंपनीचा खलिता कसा तयार होई ते पाहावे. मिलसारखा अधिकारी मसुदा लिही. तो खासगी रीतीने बोर्ड ऑफ कंट्रोलच्या अध्यक्षाकडे जाई. तेथून फेरफार होऊन परत आला की संचालकांपुढे, आणि मग रीतसर पुन्हा बोर्डाकडे. बोर्ड वाटेल तो मजकूर खोडी, नवा घाली. सह्या मात्र संचालकांच्या. शिडाच्या जहाजांच्या काळात आफ्रिकेला वळसा घालून पत्र इकडे यायला पाच-सहा महिने लागत. इतक्या हातांतून गेलेले वाक्य कोणाचे म्हणायचे? लिहिणारा म्हणे, मी केवळ मसुदा केला. सही करणारा म्हणे, माझ्यापुढे तसाच आला. ही भाषा वाचकांपैकी सेवानिवृत्तांना अपरिचित नसावी.

झाशीचे प्रकरण आपल्याला जवळचे आहे. आपण राहतो त्या टी. टी. नगरचे नाव तात्या टोपे यांचे, हे आपल्या नातवंडांना मुद्दाम सांगावे लागते. त्या तात्यांच्या रणांगणावरील सहकारी झाशीच्या राणीसाहेब. गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी दत्तक घेतले. ब्रिटिश अधिकारी मेजर एलिस तेव्हा हजर होता. दुसऱ्या दिवशी गंगाधरराव वारले. राणी लक्ष्मीबाईंनी खलिते पाठवले. १८१७ च्या तहातील वंशपरंपरेच्या कलमाचा आधार त्यांनी घेतला, शेजारच्या बुंदेलखंडी संस्थानांत दत्तक मान्य झाल्याचे दाखले दिले. हे आर्जव नव्हते, मुद्देसूद कायदेशीर युक्तिवाद होता. एलिसनेही ओरछ्याचा दाखला देऊन दत्तकाच्या बाजूने लिहिले. पण २७ फेब्रुवारी १८५४ रोजी डलहौसीने टिपण लिहिले आणि झाशी खालसा ठरली. झाशीचे घराणे मूळचे पेशव्यांचे सुभेदार, स्वतंत्र राजे नव्हेत, सबब दत्तकास संमती देणे न देणे सार्वभौम सत्तेच्या मर्जीवर, हा त्यातील मुख्य मुद्दा.

येथे कागदाची उणीव मुळीच नव्हती. सगळे लेखी होते, तर्कशुद्ध होते, मिलच्या कसोटीला उतरणारे होते. राणीसाहेबांचा खलिता मात्र त्या नस्तीत सोबतचे कागद म्हणून राहिला. अधिकारी लिहीत ते एकमेकांना. ज्यांच्याविषयी लिहीत त्या तृतीय पुरुषी. राणीसाहेबांना कळवायचा तो निकाल. टिपणातील एखादा मुद्दा चुकीचा आहे, असे तो पक्का होण्यापूर्वी म्हणण्याची सोय त्यांना नव्हती.

दूर बसलेल्यांना झळ लागत नाही, म्हणून अन्याय होतो, असे यावर सरळ म्हणता येईल. मला ते पुरेसे वाटत नाही. साताऱ्याचे उदाहरण उलट आहे. छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर कटाचा आरोप आला, तो येथल्याच अधिकाऱ्यांनी जमवलेल्या पुराव्यावर. दोष कबूल करणाऱ्या कागदावर सही करा, राज्य राहील, असे त्यांना सांगण्यात आले. महाराजांनी नकार दिला, १८३९ मध्ये पदच्युती पत्करली, आणि १८४७ मध्ये काशीस नजरकैदेतच देह ठेवला. त्यांचे वकील रंगो बापूजी दाद मागायला गेले ते त्या दूरच्या लंडनलाच. दहा-बारा वर्षांहून अधिक काळ ते तेथे झगडत राहिले. पुढे १८४८ मध्ये सातारा खालसा करण्याचा प्रश्न निघाला तेव्हा मुंबईचा गव्हर्नर क्लार्क आणि साताऱ्याचा रेसिडेंट फ्रीअर हे जवळचे दोघे विरोधात होते, आणि निर्णय दूरच्यांनी घेतला. तेव्हा जवळ असणे किंवा दूर असणे ही न्यायाची हमी नव्हे. जवळच्याला माहिती असते आणि हितसंबंधही असतात. दूरच्याला दोन्ही नसतात. दोन्ही प्रकरणांत समान गोष्ट एकच आहे. ज्याचा निकाल लागत होता, त्याला ऐकून घेणे कोणाच्याही कामाचा भाग नव्हते.

मिलला मी ढोंगी म्हणणार नाही. कागदामुळे मनमानीला आळा बसतो, हे त्याचे म्हणणे खरेच आहे. आज इतिहासकाराला डलहौसीचा तर्क तपासता येतो, तोही कागद राहिला म्हणून. पण वर जाब देण्याची सोय झाली की खालीही जाब दिला गेला असे तो मानून चालला, आणि तेथे त्याच्याशी माझे जमत नाही.

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्ये आला. तेव्हा जुन्या सहकाऱ्यांत एक कुरकुर हमखास ऐकू येई: टिपणी लोकांना दाखवायची म्हटल्यावर अधिकारी मोकळेपणाने मत लिहितील कसे? त्या आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे; मोजून-मापून लिहिणारे आणखी सावध झाले असतील. मात्र एलिसने दत्तकाच्या बाजूने लिहिले ते डलहौसी वाचणार हे ठाऊक असूनच. वरिष्ठाच्या नजरेखाली मोकळेपणाने लिहिणे ज्याला जमले, त्याची लेखणी एखाद्या विधवेने आपली नस्ती मागितल्यावर का अडखळावी, हे त्या कुरकुरीतून मला कधीच उमगले नाही.