साक्षीदाराचे दोष

आपल्याला जे जाणवले ते खरोखर बाहेरचे, की आपल्याच इंद्रियांचे? तत्त्वज्ञानातील हा जुना प्रश्न अलीकडे रेडिओ-खगोलशास्त्रात फार ठोस रूपाने उभा राहिला.

पहिले तारे उजळले त्या काळातील हायड्रोजनची खूण आज क्षीण रेडिओलहरींत शोधली जाते. ती असेल केल्व्हिनच्या एखाद्या अंशाएवढी. तिच्यावर पसरलेला आपल्या आकाशगंगेचा गोंगाट मात्र हजार केल्व्हिनहून अधिक. त्यातच अँटेनाची दृष्टी वारंवारतेनुसार किंचित बदलते आणि खालच्या जमिनीच्या थरांवरून परतलेल्या लहरीही तिच्यात मिसळतात. तिचा लहानसा दोषदेखील विश्वाचा संदेश म्हणून मिरवू शकतो.

२०१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील 'एजेस' प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झपाशी सुमारे अर्ध्या केल्व्हिनची घळ सापडल्याचे जाहीर केले. ती अपेक्षेच्या दुपटीहून खोल होती. तिचा अर्थ लावण्यासाठी कृष्णपदार्थाचे नवे गुणधर्मही सुचवले गेले. संशोधक निष्काळजी नव्हते. त्यांनी दुसरी अँटेना उभारली, एक काटकोनात वळवूनही पाहिली. तरीही ही सारी तपासणी एकाच घराण्याच्या उपकरणांनी, एकाच भूमीवर झालेली होती.

बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने नुसती शंका घेतली नाही, पायाखालची जमीनच बदलली. 'सरस-३' ही शंकूच्या आकाराची अँटेना २०२० मध्ये तराफ्यावर बसवून कर्नाटकातील दंडिगनहळ्ळी तलावात आणि शरावतीच्या फुगवट्याच्या पाण्यात तरंगत ठेवली. जमिनीचे थर अनिश्चित असतात, पाणी एकजिनसी. ती घळ तेथे आढळली नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात 'एजेस'ची नोंद ९५.३ टक्के खात्रीने नाकारली गेली.

येथे कोणीही अप्रामाणिक नव्हते. म्हणूनच हे उदाहरण विचार करायला लावते. सचोटी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. आत्मपरीक्षण करतानाही माणूस आपल्याच भूमीवर उभा असतो. कुटुंबात काय, संस्थेत काय, आपली मते आपण बहुधा आपल्याच माणसांकडून तपासून घेतो आणि त्यांच्या होकाराला पुरावा समजतो. परीक्षकाचे कर्तव्यही सोपे नाही: नकार देण्यापूर्वी त्याने स्वतःचा तराफा बांधला पाहिजे. आणि नकार देतानाही, आपली खात्री शंभर टक्के नाही, हे आकड्यासह सांगितले पाहिजे.