शिरोलीचं पाणी कुठल्या समुद्राला

शिफ्ट सुटली आहे. फौंड्रीची धग अजून अंगावर आहे. घाई नसेल तर घरी जाण्याआधी पंचगंगेच्या काठाला थोडं बसा. डोळे मिटायची गरज नाही. हायवेवरचे ट्रक वाजत राहतील, वाजू द्या.

पाणी कुठल्या बाजूला चाललंय, एवढंच आधी बघा. पूर्वेला.

आता मन उलट्या दिशेला, गगनबावड्याच्या कड्यावर न्या. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. कड्यापलीकडे पडलेला थेंब करूळ घाटाखालच्या ओढ्यांतून कोकणात उतरतो. हातभर अलीकडे पडलेला कुंभी नदीत येतो, प्रयाग चिखलीवरून तुमच्यासमोर पोचतो आणि निघतो बंगालच्या उपसागराकडे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हे पठार झालं. पुढे त्याची पश्चिमेची कड उचलली गेली आणि पठार पूर्वेला कललं. दारातला समुद्र सोडून ही नदी देश ओलांडते, ती त्या कलण्यामुळं. इथं जरा थांबा. मनाला कोटी वर्षं मोजता येत नाहीत. कललेली जमीन मात्र बसल्या जागी जाणवू शकते.

मग पाण्याबरोबर चला. नरसोबाच्या वाडीला कृष्णा भेटते. पुढे धरणं लागतात: अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचं प्रकाशम बॅरेज. शेवटी नदी फाटे फोडते, आणि हंसलदीवीजवळ समुद्र.

इथं चाल मंद करा. हे कृष्णा अभयारण्य. पायाखाली खडक नाही, सगळा गाळ. त्यात आपल्या काळ्या बेसॉल्टचा झिजलेला चुराही आहे. त्या चिखलात तिवरं उभी आहेत. चिखलात हवा नाही, म्हणून त्यांची मुळं बोटांसारखी वर येऊन श्वास घेतात. भरतीला ती बुडतात, ओहोटीला उघडी पडतात. एक श्वास त्यांच्याबरोबर घ्या. रात्री याच चिखलातून मासेमार मांजर फिरतं. घरच्या मांजराच्या दुप्पट, राखी अंगावर काळे ठिपके, बोटांमध्ये अर्धवट पडदे. मांजराला पाणी नको असतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. किनाऱ्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात.

खारफुटीला नुसतं खारं पाणी पुरत नाही. गोडं पाणी आणि नवा गाळही लागतो. वरच्या धरणांनी आणि कालव्यांनी कृष्णा बहुतेक वापरून टाकली आहे. बॅरेजच्या खाली समुद्रापर्यंत भरपूर पाणी जातं ते मुख्यतः पुरात.

असाच एक पूर म्हणजे ऑगस्ट 2019. तो आठवडा आठवा: शिरोलीजवळ हायवेवर पाणी, ट्रकांच्या रांगा, गावंच्या गावं बोटीनं बाहेर काढलेली. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. 2019 ला आपल्याकडे पाणी चढलं, मग खालच्या धरणांचे दरवाजे एकामागून एक उघडत गेले, आणि ऑगस्टच्या मध्याला कृष्णा खरोखरच समुद्राला मिळत होती. आपण घरातला गाळ फावड्यानं ओढत होतो तेव्हा तिवरांच्या मुळाशी गोडं पाणी पोचत होतं.

पूर चांगला, असं कुणी म्हणू नये. ज्याचं घर गेलं त्याच्यासमोर तर नाहीच. पण गाळाचा विचार करून बघा. त्यातला बराचसा आता धरणांच्या तळाशी बसतो, आणि त्रिभुज प्रदेशाच्या टोकाला समुद्र काही ठिकाणी किनारा खात आत येतो आहे. आपल्या उंबऱ्यावरचा नकोसा चिखल आणि तिथली कमी पडलेली जमीन, दोन्ही एकदम मनात धरता येतात का, बघा.