कुठल्या वर्षीचा गणपती?

मेलेल्या हार्ड डिस्कमधला माल दोन तऱ्हांनी परत येतो. बाहेर प्रत काढून ठेवलेली असेल तर सगळं नावागावासकट ज्या त्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. नसेल तर लॅमिंग्टन रोडवरचा एखादा मुलगा प्रोग्रॅम लावून अख्खी डिस्क चाळतो. फोटोच्या फाइलची सुरुवात कशी असते हे त्या प्रोग्रॅमला ठाऊक असतं. तशी सुरुवात दिसली की तिथून पुढचं तो उचलतो. फोटो येतो, पण त्याचं नाव आणि फोल्डर येत नाही, कारण ते फोटोत नसतंच. ते डिस्कवरच्या वेगळ्या यादीत असतं आणि यादी तर गेलेली. म्हणून प्रत्येक फोटोला एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे लांबलचक आकडा चिकटतो. "मावशी, माल येईल, नावं येणार नाहीत," असं त्या मुलाने काम घेतानाच सांगितलं होतं.

आमच्याकडे दोन्ही झालं. ह्यांनी वाडीच्या गणपतीचे जुने फोटो घरोघरच्या अल्बममधून मागून आणून स्कॅन केले होते. अर्ध्या कामाची प्रत वेगळ्या डिस्कवर होती, ती नीट उतरली. उरलेले फोटो आकडे लावून आले. त्यांच्यात तारीख सापडलीच तर ती स्कॅन केल्याची. हे आता नाहीत, त्यामुळे विचारायची सोय नाही.

मी नोकरीभर गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याची नजर मुद्रितावर. जुळवून न पाहिलेल्या प्रतीवर आमच्याकडे कुणी भरवसा ठेवत नसे. कॉम्प्युटरही तेच करतो म्हणे: फाइलमधल्या एकूण एक बिटांवर हिशेब करून एक आकडा काढायचा, प्रतीचाही काढायचा, दोन्ही जुळले तर प्रत खरी. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मला घनपाठ आठवला. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, असे वेदातले शब्द उलटसुलट म्हणत जायचे. अर्थासाठी नव्हे, एक अक्षरही सरकू नये म्हणून. संत एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला तोही याच काळजीपोटी, आणि यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावूनही ठेवलं. ज्ञानेश्वरी सांगून तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती.

शब्दाच्या बाबतीत इतके कंजूष असलेले आपण लोक मूर्ती मात्र खुशाल बुडवतो. केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 पासून गणपती बसतो आणि दरवर्षी पाण्यात जातो. उत्तरपूजा झाली, मूर्ती जागची जराशी हलवली, की देव गेला. चौपाटीला नेतो ती माती. पुढच्या वर्षी नवी माती आणून त्याच नावाने हाक मारायची. मागच्या वर्षीचा गणपती कसा दिसत होता याची नोंद गुरुजी कधी मागत नाहीत. मग माझ्यापुढे प्रश्न असा की घरच्या डिस्कवरचं हे सगळं ओवीच्या जातीचं की मूर्तीच्या? अक्षर न् अक्षर जपायचं, की हलवून मोकळं व्हायचं?

भाच्याच्या मते प्रश्नच चुकीचा. डिस्क स्वस्त झाल्यात, सगळं ठेव. पण ठेवणं म्हणजे काय, हे त्या नाव नसलेल्या फोटोंनी मला विचारायला लावलं. एकही ठिपका हरवला नव्हता. आकडा जुळवून पाहिला असता तर जुळला असता. तरीही परत काय आलं होतं? आमच्या वाडीची मूर्ती वर्षानुवर्षं एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातली येते. समोर पडद्यावर गणपती, पुन्हा गणपती, पुन्हा तोच गणपती. कुठल्या वर्षीचा, हे त्याच्या तोंडावरून कुणी सांगून दाखवावं.

तळमजल्यावरचे नाना आणि समोरच्या वहिनी यांना बोलावून बसवलं. त्यांनी मूर्तीकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर थेट बाजूला. मखर साधं, नुसत्या पताका, म्हणजे गिरण्यांच्या संपाचं वर्ष, 1982. वर्गणीच जमली नव्हती. पुठ्ठ्याचा वर्ल्ड कप दिसतो, म्हणजे त्याच्या पुढचं. आरतीत वहिनींच्या सासूबाई आहेत, म्हणजे संपाच्याही आधीचं. देव सगळ्या फोटोंत सारखाच, त्यामुळे पुरावा म्हणून त्याचा शून्य उपयोग. पुरावा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्यांचा. तेव्हा मला वाटलं, देवाची प्रत काढायचं आपल्याला सुचत नाही ते यामुळेच. त्याचं नाव मूर्तीत नसतं, हाक मारणाऱ्यांच्या तोंडी असतं. माती गेली तरी यादी शाबूत. आपलं नेमकं उलट होतं, रूप राहतं आणि यादी मरते.

न्यायशास्त्राचे पंडित, म्हणजे नैयायिक, म्हणतात, पूर्वी पाहिलेला देवदत्त आज समोर दिसला आणि 'तोच हा' असं ओळखता आलं, तर वस्तू मधल्या काळात टिकून होती असं मानलंच पाहिजे. बौद्धांना हे पटत नाही. कापलेलं नख पुन्हा वाढतं, त्यालाही आपण तेच नख म्हणतो. रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या प्रहराची आणि शेवटच्या प्रहराची तीच नाही, निराळीही नाही, असं नागसेन भिक्खूने मिलिंद राजाला सांगितलं. नवीन डिस्कवर उतरवलेल्या फोल्डरबद्दल याहून अचूक मला काही सांगता येणार नाही. जुन्या डिस्कवरचा एक कणही नव्या डिस्कवर आलेला नाही, आली ती फक्त कणांची मांडणी. तरी मी ते फोल्डर उघडते आणि 'ह्यांचं' म्हणते.

पण मुद्रितं तपासणाऱ्या बाईचं मन 'तोच हा' एवढ्यावर भरत नाही. न्यायशास्त्रातही स्मृतीला प्रमेचा, म्हणजे खऱ्या ज्ञानाचा, दर्जा नाही. ती नुसत्या संस्कारातून उठते, वस्तूला पुन्हा जाऊन विचारत नाही. वर्ल्ड कपच्या फोटोत पुढे झांजा घेऊन एक मुलगा उभा आहे, चौकड्यांचा शर्ट, पुढचे दात पडलेले. नाना म्हणाले, हा मी. वहिनी म्हणाल्या, छे, हे तुमचे अण्णा, तुम्ही तेव्हा एवढे कुठे होता? नाना म्हणाले, शर्ट माझा आहे. वहिनी म्हणाल्या, शर्ट आधी अण्णांचाच होता, घरात सगळं वरून खाली यायचं. अण्णा डोंबिवलीला असतात. त्यांना फोन केला तर तेही म्हणाले, मीच. दोघांच्या आवाजात तीळभर शंका नव्हती. बौद्धांचं नख ते हेच.

छापखान्यात अशा जागी आम्ही समासात प्रश्नचिन्ह करून पान लेखकाकडे पाठवायचो. इथे लेखक नाही, आणि विंडोज फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह घेतही नाही, लाल रेघेऐवजी सरळ नकार देते. म्हणून मी नाव दिलं, '1983 बहुधा, नाना किंवा अण्णा'. नानांना 'किंवा' खटकतंय. एक प्रत त्यांना दिली आहे, तिच्यात त्यांनी ते खोडलं तर खोडोत. दुसरी भाच्याकडे परळला असते, तिसऱ्या मजल्यावर, कारण हिंदमातेला तुंबणारं पावसाचं पाणी तळमजल्यावर कधी शिरेल याचा नेम नाही. तिच्यात 'किंवा' आहे, आणि तिला हात लावायचा नाही असं मी भाच्याला सांगून ठेवलं आहे.