समोरच्या छावणीतला मित्र



कॅलिफोर्नियाचे जातभेदविरोधी विधेयक, एसबी ४०३, आठवते ना? २०२३च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटलने जातीवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई केली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. मग हे विधेयक विधिमंडळात मंजूर झाले आणि ७ ऑक्टोबरला गव्हर्नर न्यूसम यांनी नाकारले. सध्याच्या कायद्यांत ही मनाई आहेच, असे त्यांचे कारण. त्या महिन्यांत आपण सगळे एका बाजूला होतो, आणि त्यात मला आजही काही चूक वाटत नाही.

चूक वाटते ती माझ्या वागण्याची. ऑफिसातला एक मराठी मित्र विधेयकाच्या विरोधात होता. "इथे कोण जात विचारतो? उगाच आपल्या मुलांवर संशय येईल," हे त्याचे म्हणणे. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी रात्री दोन वाजता गाडी घेऊन आलेला हा माणूस. मी त्याला उत्तर दिले नाही. त्याच्या फॉरवर्डला माझा फॉरवर्ड पाठवला आणि बोलणे थांबवले. खरे तर पहिल्याच भेटीत "आडनाव काय? मूळ गाव कुठले?" असे त्यानेच मला विचारले होते, आणि मी काय खोटे सांगितले तेही मला आठवते. पण ते सांगायचे तर स्वतःचे काही उघडे करावे लागले असते. छावणीत राहणे सोपे होते.

बाबासाहेबांचे १७ डिसेंबर १९४६चे संविधान सभेतले भाषण जरूर वाचा. मुस्लिम लीगचे सदस्य सभेत आलेच नव्हते. नेहरूंचा उद्दिष्टांचा ठराव पुढे होता; लीग आणि संस्थानांसाठी थांबावे, अशी बॅ. जयकरांची सूचना होती. बाबासाहेबांना अचानक बोलायला उभे केले गेले. आपण एकमेकांशी लढणाऱ्या छावण्यांत वाटले गेलो आहोत, हे त्यांनी मान्य केले, आणि अशा एका छावणीचा नेता बहुधा मीही आहे, असे सांगून टाकले. (असे म्हणणारा नेता आज दाखवा!) घोषणा आणि लोकांना भिववणारे शब्द बाजूला ठेवू, विरोधकांच्या पूर्वग्रहांनाही थोडी सवलत देऊ, पण त्यांना सोबत आणू, असा त्यांचा आग्रह होता.

ही शरणागती झाली, असे तुमच्यापैकी कुणी म्हणेल. पण त्याच भाषणात त्यांनी ठरावाचेही वाभाडे काढले. हक्क सांगितले, पण ते मोडले तर उपाय काय, ते नाही. जमीन आणि उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाबद्दल शब्द नाही. मागणी तसूभरही कमी केली नव्हती.

मध्यम मार्ग म्हणजे दोन बाजूंच्या बरोबर मधली रेघ नव्हे. जातीच्या प्रश्नात मध्ये उभा राहणारा बहुधा वरच्याच बाजूचा असतो. कोसंबीच्या भिक्खूंचे भांडण तर भांड्यात उरलेल्या पाण्यावरून पेटले होते. आपला प्रश्न तसला नाही. तरी तिथले एक ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दोन्ही गट आपलेच बरोबर म्हणून भांडत राहिले, आणि बुद्ध मात्र पारिलेय्यकाच्या वनात निघून गेले.

मित्राची भीती मला चुकीची वाटते, पण ती खोटी नाही. गेल्या रविवारी मी त्याला फोन केला आणि त्या पहिल्या भेटीबद्दल सांगितले. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "तेव्हाच का नाही बोललास?" विधेयकाबद्दलचे त्याचे मत बदललेले नाही, माझेही नाही. शनिवारी तो घरी येतोय. विधेयकाचा मसुदा दोघांनी मिळून पहिल्यापासून वाचायचा ठरलाय. तो आम्ही दोघांनीही आजवर पूर्ण वाचलेला नव्हता.