जेवढं लागतं तेवढंच काढ

चांदूर बाजार, जि. अमरावती

चि. छकुली,

तू पाठवलेले रंध्याचे फोटो पाहिले. तुझ्या मोठ्या आईलाही दाखवले. ती म्हणते, "पोरगी एवढी शिकाले गेली आन् भंगार घेऊन आली!" तिचं मनावर घेऊ नको. साबरमतीकाठच्या रविवारी बाजारातून घासाघीस करून तू १४ इंची जॅक रंधा आणलास, याचा मला आनंदच आहे. तुझ्या बाबांनी नोकरी धरली तेव्हापासून आपल्या घरात हत्याराची चौकशी करणारं कोणी उरलं नव्हतं. पण फोटोखाली तू लिहिलंस ना, "वर्कशॉपमध्ये ग्राइंडर आहे, रविवारपर्यंत चकाचक करते," ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. फोनवर सांगितलेलं तू हो हो म्हणतेस आणि विसरतेस, म्हणून हे पत्र.

रंधा चांगला आहे, बाई. ही घडण अमेरिकेतल्या लेनर्ड बेलीची. स्टॅन्ले कंपनीने १८६९ साली त्याचे हक्क घेतले आणि पुढे शेफील्डच्या रेकॉर्डपासून आपल्या देशी कारखान्यांपर्यंत सगळ्यांनी तीच उचलली. त्यामुळे नाव पुसलं गेलं असलं तरी बिघडत नाही. बिडाचं अंग, ४५ अंशांची बैठक, तिच्यावर पातं, पात्यावर पत्ती आणि मागे पितळी चाक, एवढंच त्याचं यंत्र. सगळं खोलताना प्रत्येक तुकड्याचा फोटो काढ, स्क्रू वाटीत ठेव. जाम झालेल्या स्क्रूवर जोर करू नको, रॉकेलचे चार थेंब सोड आणि रात्रभर थांब. आणि रंधा टेबलाच्या काठावर ठेवू नकोस. बीड वाकत नाही, सरळ फुटतं.

मग गंज. पातं आणि पत्ती साध्या व्हिनेगरमध्ये बुडव. पण त्यात ती विसरून सिनेमाला जाऊ नकोस, आम्ल गंज खाऊन झाल्यावर लोखंडही खातं. तासा-दोन तासांनी काढून ब्रशने घासून बघत जा. झालं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धू, लगेच कोरडं कर, तेलाचा हात फिरव. अंगावरचा काळा रंग खरवडू नको. तो तिथे गंज अडवायलाच बसला आहे. चकाचक करायच्या नादात लोक नेमका तोच काढतात.

आता तळ, आणि इथे जरा शांतपणे वाच. जाड काचेवर वॉटर पेपर चिकटव. पातं जागेवर कसून ठेव, फक्त आत ओढून घे, कारण कसल्यावर अंगाला जो ताण बसतो तोच ताण घासतानाही हवा. तळावर आडव्या रेघा मार आणि चार-सहा हात चालव. रेघा कुठे गेल्या आणि कुठे राहिल्या, ते रंधाच तुला दाखवेल. पुढचं टोक, तोंडाच्या म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीच्या लगतचा भाग आणि मागचं टोक एका पातळीत आले की थांब. मध्ये कुठे खोलगट राहिलं, गंजाचे खड्डे दिसले, तर राहू दे. त्यांनी काम अडत नाही. आरशासारखा तळ करायला गेलीस तर बीड उगाच झिजवशील, आणि घासलेलं लोखंड काही परत येत नाही.

तुझ्या आबाजींचा लाकडी रंधा तू लहानपणी गाडी म्हणून ओढायचीस, आठवतं? त्याचं तोंड झिजून रुंद झालं होतं. तोंड रुंद झालं की पात्यापुढचं लाकूड दाबून धरलं जात नाही, रेषा उचकटते. आम्ही म्हणालो, नवा करा. त्यांनी तोंडापुढे तळात बोटभर खाच घेतली, शिसमाचा तुकडा ठोकून बसवला आणि तळाशी सपाट केला. बस. परतवाड्याच्या डेपोतल्या लिलावाचं मेळघाटी सागवान त्याच रंध्याने साफ होऊन या भागातल्या किती घरांच्या चौकटींना लागलं! मोठे वाढई होते म्हणून नाही सांगत. कुठे हात लावायचा नाही, हे त्यांना कळायचं.

पात्याचं मात्र ऐक, कारण माझी खरी काळजी तीच आहे. ग्राइंडरवर पातं धरलंस आणि क्षणभर जास्त टेकलं, की धारेपाशी निळा रंग उमटतो. निळं झालं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. मग कितीही धार लाव, दोन हातांत बोथट. शिवाय तुझी वेणी, तुझी ओढणी आणि ते फिरतं चाक एका जागी आहेत ही कल्पनाच मला झोपू देत नाही. धार तुटलेली नसेल तर ग्राइंडर नकोच. आधी पात्याची सपाट पाठ पथरीवर टेकव आणि धारेलगतचा अर्धा इंचच चकचकीत कर. पूर्ण पाठ घासण्यात अर्थ नाही. पण नेमका धारेवरच खड्डा असेल, तर तो जाईपर्यंत धार मागे घ्यावी लागते, नाहीतर छिलक्यात रेघ उमटते. मग उतार २५ अंशांचा ठेवून अगदी टोकाला ३० अंशांची बारीक धार लाव. पाठीवरून बोट धारेबाहेर ओढलं की किंचित खरखर लागेल, ती पडलेली काट. पाठ पुन्हा पथरीवर टेकवून ती काढ. बोट धारेच्या लांबीवरून कधी फिरवू नको, माय.

वरची पत्ती पात्याला लावून उजेडासमोर धर. मधून प्रकाश दिसला तर पत्तीची कड पथरीवर सपाट कर, नाहीतर छिलके तिथेच अडकून तोंड बंद करतील. पत्ती धारेपासून मिलिमीटरभर मागे बस झाली, बारीक कामाला त्याहून कमी. तळावर मेणबत्तीच्या दोन रेघा ओढ, रंधा हलका चालतो. आणि सागवान रंधलंस तर धार लवकर गेली म्हणून पात्याला दोष देऊ नको. सागात वाळूच्या जातीचा अंश असतो, तो पोलादाला खातो.

मुठीला जवसाचं तेल दे. इथून बाटली पाठवतो. पण तेलाचं फडकं चोळामोळा करून खोलीच्या कोपऱ्यात टाकायचं नाही. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. फडकं बाहेर पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून ठेव. हे हसण्यावारी नेऊ नकोस.

इकडचं सर्व ठीक. आंबिया बहारासाठी संत्र्याला ताण दिला आहे, पाणी सोडायची घाई तुझ्या काकालाच फार. बहिरमची जत्रा सुरू झाली. परवा तिथे जाऊन रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन आलो. तुझी मोठी आई म्हणते, पोरगी असती तर हंडीचं मटण मागितलं असतं. तिचे गुडघे दुखतात, पण जत्रेत दुखत नाहीत.

जेवणाच्या वेळा सांभाळ, रात्री जागून लोखंड घासत बसू नको. रविवारपर्यंत झालं नाही तर त्याच्या पुढच्या रविवारी होईल. पात्याच्या खाचेपासून धारेपर्यंत किती पातं शिल्लक आहे ते पट्टीने मोजून मला कळव. माझं उत्तर येईपर्यंत ग्राइंडरचं बटण दाबायचं नाही, एवढं माझं ऐक.

तुझे
मोठे बाबा